पैलवान तोच आहे

ती. ताई,

धाकट्या भावाचा नमस्कार. तब्येतीची चौकशी खाली केली आहे, आधी ताजी बातमी. पैलवान जिवंत आहे. आज सकाळी साडेदहा वाजता गुरांच्या डॉक्टरांनी त्याला समक्ष पाहिलं आणि आपल्या नावाच्या कागदावर, सही-शिक्क्यानिशी, 'सदर मासा जिवंत असून व्यवस्थित खातो-पितो' असं लिहून दिलं. ('पितो' हे त्यांनी हाताच्या सवयीने लिहिलं, मी खोडायला लावलं नाही.) कागद सोबत जोडला आहे. मात्र 'हा तोच मासा आहे' हे एवढंसं वाक्य लिहायला त्यांनी साफ नकार दिला. म्हणाले, आधीचा मी पाहिलेला नाही. ताई, आधीचा असा कोणी नाहीच, एकच मासा आहे. हे मी त्यांना तीनदा समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी मला खुर्चीत बसवून पाणी दिलं.

आता चौकशी. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? प्रवासात लेकीची धावपळ झाली असेल, तिला म्हणावं जरा बस. इकडे ही बरी आहे. मी बरा नाही आणि त्याला कारण तू आहेस. फोनवर तू मध्येच बोलतेस म्हणून पत्र लिहितो आहे. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही.

काल तुम्ही परत घरी पोचलात हे कळल्यावर संध्याकाळी मी हौसेने पैलवानाचा फोटो पाठवला. पाच मिनिटांत तुमचा फोन. आधी तुझी नात बोलली. (ती नऊ वर्षांची आहे म्हणून मी तिला वकीलसाहेब म्हणायचं सोडणार नाही. मोठी माणसं करत नाहीत अशी उलटतपासणी ती करते.) काल मात्र तिने एकही प्रश्न विचारला नाही. "मामाआजोबा, हा आमचा पैलवान नाही," एवढंच हळू आवाजात म्हणाली आणि फोन तुझ्याकडे दिला. आणि तू, माझी सख्खी बहीण, जिने मला पहिल्या दिवशी हाताला धरून शाळेत नेलं, तू काय म्हणालीस? "खरं सांग, गेला ना रे तो? आम्ही कोणी रागावणार नाही." मागून जावईबापूंचा आवाज आला की नवा जास्त छान आहे, मामांना सांगा. ताई, न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा माणूस एक वेळ भोगेल, पण न केलेल्या गुन्ह्याची माफी कशी पचवायची? मी रात्री जेवलो नाही. (दूध घेतलं. ही घे म्हणाली.)

तेव्हा आता पहिल्यापासून ऐक. तुम्ही सगळे महिनाभरासाठी बाहेरगावी निघालात, त्याच्या दोनच दिवस आधी वकीलसाहेबांनी हा मासा दुकानातून आणला होता. तिथे एका फळीवर प्लास्टिकच्या वाट्यांत असे वीस-पंचवीस फायटर मासे ठेवलेले असतात, एका वाटीत एक, कारण दोन एकत्र ठेवले की मारामारी. त्यातला हा एकटाच तिच्याकडे बघत नव्हता, म्हणून तिने हाच घेतला. मारामारी तर सोडच, हा आडवा पडून होता. रंग म्हणशील तर धुऊन धुऊन विटलेल्या पायपुसण्याचा. शेपटीची कड कुरतडल्यासारखी, मधोमध मोठी खाच. अशा प्राण्याचं नाव पैलवान ठेवणं यात तुमच्या घराण्याचा स्वभाव दिसतो. दुकानदार म्हणाला होता म्हणे, की शांत स्वभावाचा आहे. मरायला टेकलेल्याला शांत म्हणायचं असेल तर आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात शांत माणसांची कमतरता नव्हती.

निघताना तुम्ही मला बरणी दिलीत, दाण्यांची डबी दिलीत आणि एक थेंबांची बाटली. त्या बाटलीवर दुकानदाराने चिठ्ठी चिकटवली होती: 'थेंब टाकल्याशिवाय नळाचं पाणी देऊ नये, माशासाठी विष आहे.' विष! ताई, एकतीस वर्षं या शहराचं पाणी मी तपासलं. त्यात क्लोरीन किती पडायचा हे माझ्या सहीने ठरत होतं. चार लाख माणसांनी ते पाणी पिऊन मुलंबाळं वाढवली आणि एक वीतभर रुंदीच्या दुकानातला माणूस त्याला विष म्हणतो. मी बाटली कपाटात ठेवली, बरणी धुतली आणि पैलवानाला थेट नळाचं ताजं पाणी दिलं. (पाहुण्याला घरातलं चांगलं ते द्यावं, याच भावनेने.)

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे सगळे पर अंगाला चिकटलेले. तोंड पाण्याच्या वर काढून हवा घेत होता आणि थकून पुन्हा तळाशी जात होता. ही म्हणाली, तुमच्या पाण्यानं झालंय. मी माझी जुनी तपासणीची पेटी काढली, नमुना घेतला, मोजलं. क्लोरीनचं प्रमाण अगदी नियमाप्रमाणे निघालं, तसूभरही कमी-जास्त नाही. मी निवृत्त झाल्यावरही काम इतकं चोख चाललं आहे हे पाहून अभिमान वाटला, आणि त्याच काचेत तो मासा बघून मान खाली गेली. दोन्ही एकाच वेळी झालं. असं माझं आजवर कधी झालं नव्हतं.

चूक झाली, मी ती तिथल्या तिथे मान्य केली. (मनात.) पण थेंब वापरणार नाही, हेही ठरवलं. बादलीत पाणी उघडं ठेवलं की चोवीस तासांत क्लोरीन उडून जातो, हे मला कोणी शिकवायला नको. तेव्हापासून आमच्या न्हाणीघरात दोन बादल्या फक्त पैलवानाच्या आहेत आणि त्यांना हात लावायला मलासुद्धा परवानगी घ्यावी लागते. बरणी लहान, थंडीत पाणी गार पडतं, म्हणून दहा लिटरची टाकी आणली, तिच्यात बोटाएवढा हीटर बसवला. रोज सकाळी एक चतुर्थांश पाणी बदलायचं, चिमूटभर साधं मीठ विरघळवून घालायचं, तापमान लिहून ठेवायचं. त्यासाठी रजिस्टर केलं आहे. पहिली पानं वाचवत नाहीत. 'दिवस दुसरा: रुग्ण तळाशी. दिवस तिसरा: रुग्ण तळाशी, तोंड भिंतीकडे. दिवस पाचवा: दाणा नाकारला. दिवस सहावा: दाणा तोंडात घेतला, थुंकला, माझ्याकडे पाहिलं.' आठव्या दिवशी त्याने चिमट्यातला दाणा खाल्ला. ही स्वयंपाकघरातून चष्मा लावून आली, वाकून पाहिलं आणि खाल्ला हे तिनेही मान्य केलं. या घरात तिने माझं म्हणणं एका फटक्यात मान्य केल्याचा दुसरा प्रसंग मला आठवत नाही.

अकराव्या दिवशी पाण्यावर फेस दिसला. पांढरा, बारीक बुडबुड्यांचा, टाकीच्या कोपऱ्यात रुपयाएवढा. पाण्यावर फेस म्हणजे पाणी दूषित, हे माझं एकतीस वर्षांचं शिक्षण. नमुना बाटलीत घेऊन मी थेट जुन्या प्रयोगशाळेत गेलो. माझ्या खुर्चीवर आता ज्या बाई आहेत, त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि म्हणाल्या, सर, यात काही दूषित नाही, माशांच्या दुकानात विचारा. म्हणजे शेवटी मला त्या 'विष' लिहिणाऱ्या माणसाच्या दारात जावं लागलं. त्याने बाटली उजेडात धरली आणि हसला. "बुडबुड्यांचं घर बांधतोय, साहेब. बरं वाटल्याशिवाय बांधत नाहीत हे." मी त्याला बरंच काही ऐकवायचं ठरवून गेलो होतो. काही न ऐकवता परत आलो.

आणि मग, ताई, रंग यायला लागला. आधी कल्ल्यामागे निळी रेघ, मग दौत कलंडल्यासारखा अंगभर निळा, परांच्या टोकांना लाल. शेपूट वाढली, पसरली, कुरतडलेली कड भरली. मला वाटलं, वकीलसाहेब नाचतील. बरं होणं हाच माझ्याविरुद्धचा पुरावा ठरेल हे मला काय ठाऊक! तिने निघताना काढलेलं पैलवानाचं चित्र आमच्या कपाटावर चिकटवलेलं आहे. त्यात मासा राखाडी आणि शेपटीला खाच. ती खाच एकमेव खूण होती आणि ती मीच, माझ्या हातांनी, मीठ घालघालून बुजवली. आता साक्षीदार म्हणून आज दुपारी पुन्हा दुकानदाराकडे गेलो, टाकीचा फोटो दाखवला आणि विचारलं, ओळखता ना? त्याने निरखून पाहिलं आणि म्हणाला, हा आमच्याकडचा नव्हे, इतका चांगला मासा आमच्या दुकानात कधी आलाच नाही.

तर रविवारी सकाळी अकराला सगळ्यांनी यावं आणि आपला मासा घेऊन जावं. मला आता हे झेपत नाही. महिनाभर कुठे बाहेर पडलो नाही, पेपर वाचताना एक डोळा टाकीवर असतो, पाठीला रग लागली आहे. मासा गेला की मी मोकळा. भाऊजींना नमस्कार, जावईबापूंना अर्धा नमस्कार, वकीलसाहेबांना काही सांगू नकोस.

तुझा
(अजून तोच) धाकटा भाऊ

ता. क. पाकीट बंद करताना ही म्हणाली की दुसऱ्या दिवसापासून ती रोज माझ्या बादलीत गुपचूप थेंब टाकत होती. ती बाटली मी आत्ता कपाटातून काढून पाहिली. अर्धी संपली आहे. रजिस्टरमध्ये या नोंदीसाठी रकाना नाही.

आणखी ता. क. दोन वर्षांपूर्वी वकीलसाहेबांनी माझ्याकडे कॅक्टस ठेवला होता. तो मी पाणी घालघालून मारला आणि तशाच कुंडीत दुसरा आणून लावला. त्याला फूल आलेलं होतं. मामाआजोबांच्या हाताला गुण आहे असं म्हणत ती तो छातीशी धरून घेऊन गेली आणि मी गप्प बसलो. तुला हे त्याच दिवशी कळलं असणार, म्हणून कालचा तुझा तो आवाज. आज मी आपण होऊन कबूल करतो आहे, ते एवढ्यासाठीच की कॅक्टस बदलला होता आणि मासा बदललेला नाही.

शेवटचं. कॅक्टसचं तू तिला सांगू नकोस. रविवारी दार उघडल्यावर ते आधी मीच सांगणार आहे, मग रजिस्टर देणार आहे आणि मग टाकीसमोर नेणार आहे. मध्ये कोणी बोलायचं नाही, तू तर नाहीच. त्यानंतरही ती म्हणाली की हा आमचा पैलवान नाही, तर मग तो कोणाचा, याला एकच उत्तर उरतं, आणि मी अपील करणार नाही. म्हणजे हरलो तर तो माझ्याकडे राहतो आणि जिंकलो तर जातो. तरी मला जिंकायचं आहे. शनिवारी सकाळी मी एक बादली जास्तीची भरून ठेवतो आहे. त्याला न्यायचं ठरलं, तर वाटेत पाणी लागेल.