कोपरावरची ठिगळं

सोमवार, ६ जानेवारी

आलो एकदाचे. खोली काडेपेटीएवढी, पण खिडकी ऐसपैस. तिच्यातून चाचणीचं मैदान दिसतं, पलीकडे फाटक आणि फाटकातून बसथांब्याकडे जाणारा रस्ता. आमची ही म्हणाली, या वयात नोकरी लागलेला शिंपी म्हणजे बिजवर नवरा, फार मिरवू नये. तरी सामान लावताना गुणगुणत होती, ते मी ऐकलं.

शिवण मला कुणी शिकवली नाही. लोकांचे फाटके कपडे उसवून बघत शिकलो. आता सैन्याच्या प्रयोगशाळेत माणसांचे पुतळे शिवायचे आहेत. देवाघरी जायच्या वयात माणसं घडवायला मिळाली, आणखी काय हवं?

बुधवार, ८

काम कळलं. इथे एका यंत्राला आपला कोण आणि शत्रू कोण हे शिकवतात. आपले पुतळे कारखान्यातून तयार येतात, शत्रूचे मी शिवतो. जुना कोट, आत भुसा. दोरीने त्यांचे हात वरखाली करतात, त्यामुळे कोपरं फाटून भुसा गळतो. मग मी तिथे पानाच्या आकाराचं चामडी ठिगळ लावतो, कडेने पिवळ्या दोऱ्याची दुहेरी टीप. चाळीस वर्षं माझं ठिगळ असंच असतं, लांबूनही ओळखू येतं.

यंत्र वासराएवढं, चार पायांचं, मान लांब, पाठीवर बंदूक. सगळे त्याला जावईबापू म्हणतात. आले की वाट सोडायची, रुसले तर कारण विचारायचं नाही. गोळी झाडायची की नाही ते स्वतःच ठरवतं. इंजिनीअर पोरगी मला आजोबा म्हणते. तिने समजावलं की सध्या बंदूक रिकामी आहे आणि थांबवायचं बटण तिच्याकडे आहे.

सोमवार, १३

जावईबापूंनी शंभरपैकी शंभर शत्रू ओळखले. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या आनंदात उरलेल्या चामड्यातून घरच्यांची कोपरं करून टाकली. हिचा निळा कोट, माझा तपकिरी, आणि कँटीनच्या मामांचा स्वेटर. मामा म्हणाले, तुमच्या ठिगळापुढे आता माझा स्वेटर गरीब दिसतो.

गुरुवार, १६

दुपारी जावईबापू कँटीनच्या दाराशी येऊन उभे राहिले. मामा वाढत होते. मामांचा हात जिकडे, तिकडे त्याची मान. कुणी म्हणालं, भाजी खारट झालेली दिसते, जावई रुसले. सगळे हसले, मामाही हसले. मी मामांच्या कोपरावरचं ठिगळ बघत होतो.

शुक्रवार, १७

जेवणाच्या सुट्टीत मैदानावर कुणी नव्हतं. कारखान्याचा एक पुतळा, म्हणजे आपल्यातला, उभा केला. जावईबापू शेजारून निघून गेले. मग त्याच पुतळ्याच्या कोपरावर माझं ठिगळ टाचलं. मान वळली. बंदुकीत खट् झालं.

चेहरा तो शिकलाच नाही. हत्यार नाही, चाल नाही. माझं ठिगळ शिकला.

पोरीला सांगितलं. दोघं साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, सोमवारी परदेशी पाहुणे येणार, नव्याने शिकवायला तीन महिने लागतील. अशा यंत्रांवर बंदी घालायची का यावर देशोदेशीचे लोक अजून परिषदा भरवताहेत, तोवर समोरचा शत्रू कुठल्या कुठे जाईल. शिंप्याने सुई सांभाळावी.

शनिवार, १८

बटण काढून टाकलं. समोरच्यांच्या यंत्राला नाही म्हणून आपल्यालाही नको. माणूस विचार करीपर्यंत उशीर होतो म्हणे. बंदूक भरली.

पोरीची बदली झाली. जाताना माझ्या कोपराकडे बघत राहिली.

मामांना सांगून पाहिलं, स्वेटर मागितला. म्हणाले, थंडी आहे हो, सोमवारी घ्या. मी हट्ट धरायला हवा होता. आमची ही बंदूक भरल्याचं कळायच्या आधी, सकाळीच बहिणीकडे गेली, तोच निळा कोट घालून. सोमवारी दहाच्या बसने येईल. फोन फाटकावरच काढून घेतात. ऑफिसातला मागितला, तर साहेब म्हणाले, कामाचं बघा.

रविवार, १९

तीनदा फाटकापर्यंत गेलो. तीनदा परत पाठवलं. कामावरच्या माणसाने परवान्याशिवाय बाहेर जायचं नाही.

जावईबापू मैदानात मोकळे फिरताहेत. मी कोटाशिवाय गेलो. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सोमवार, २०

मामा गेले. चहाची किटली घेऊन मैदान ओलांडत होते. एकच गोळी. किटली अजून तिथेच — वाफ येते आहे —

सगळे आत पळाले. फाटकावरचेसुद्धा. फाटक उघडंच. आमची दारं बाहेरून आपोआप बंद झाली. ठोठावलं, ओरडलो. कुणी येत नाही. खिडकीची काच जाड, उघडत नाही, स्टूल मारलं तरी फुटत नाही.

पावणेदहा.

माझा कोट खुंटीवर आहे. ठिगळं उसवायची राहिली होती. बरं झालं.

दहा. बस आली. निळा कोट. हातात पिशवी. फाटकातून आत —

जावईबापू मामांजवळून निघाला.

कोट घातला. डावं कोपर काचेला लावून उभा आहे, उजव्या हाताने लिहितो. वही ज्याला मिळेल त्याने एवढंच करावं — कोपरं उसवावीत. गावात ज्याला ज्याला मी —

मान वळली. माझ्याकडे. ये बाबा. इकडेच ये. असाच ये.

येतो आहे. हिच्याकडे पाठ आहे त्याची. अगं, पळ तू —

थांबली. मी दिसलो हिला. काचेशी हात बघून वाटलं, मी बोलावतो — पिशवी खाली ठेवली — हसते आहे — मला हात करायला कोपर व