इंजिनामागचा पाइप आणि जावईबापू

३ सप्टेंबर

घाटात गाडी उकळली. अर्ध्या चढावर बॉनेटमधून वाफच वाफ! माझी लेक शुवाय पोट सांभाळत दगडावर बसली. मी फांदी मोडून मागच्या गाड्यांना खूण म्हणून रस्त्यावर टाकली, ओढ्यावरून पाणी आणून ओतलं, तर वरून ओतलेलं खालून गळतंय. तिची तपासणी राहिली ती राहिलीच. उतारावर सोडून देत, थांबत थांबत, कशीबशी घरी आणली.

डॉक्टरणीने बजावलं होतं — पहिलटकरीण आहे, काही वेगळं वाटलं की लगेच आणा. आणायचं कशातून? बस दिवसातून एकदा, तीही तिच्या मनात आलं तर. आमच्या वाडीत चार चाकं काय ती माझ्याच दारात. ह्यांच्या मागे ही म्हातारी गाडी मी जपली ती असल्या वेळेसाठीच. आणि नेमकी आत्ता तिने मान टाकली.

४ सप्टेंबर

जावईबापूंनी बॉनेट उघडलं. तावेंग्वा लाकडाच्या वखारीची लॉरी चालवतो, त्याला कळतं. शुवायला बाळंतपणासाठी माहेरी पोचवायला रीतीच्या शेळ्या घेऊन आला, तेव्हापासून शेजारी तेते एस्नाथकडे उतरला आहे. तेते म्हणजे माझी नणंद. सासूच्या घरात जावई कसा राहणार?

निदान झालं ते असं. तो अंगणात जमिनीवर बसला, नजर खाली, आदबीच्या हलक्या टाळ्या वाजवून तेतेला म्हणाला, "अंबुयांना सांगा, इंजिनामागचा पाण्याचा पाइप फाटलाय." अंबुया म्हणजे सासू, म्हणजे मी, तीन हातांवर उभी. तरी तेतेने माझ्याकडे वळून सगळं पुन्हा सांगितलं. रीत आहे बाबा.

मग हळूच कळलं — गाडीखालचं गंजकट पाण्याचं थारोळं त्याने शेळ्या बांधल्या त्याच दिवशी पाहिलं होतं! सासूची वस्तू नासकी आहे असं जावयाने सासूला कसं सांगायचं? म्हणून तेतेला सांगितलं. आणि तेते विसरली. "पाहुण्यांची गडबड होती ना, वहिनी."

माझं डोकं फिरलं. तेतेवर फिरलं, त्याच्यावर त्याहून जास्त. एवढा बाप्या गडी, मूग गिळून बसला! माझी लेक त्या घाटात वाफेशेजारी बसली होती. पण तोंडाने काय म्हणाले? काहीच नाही. मी तरी त्याच्याशी कुठे बोलते?

५ सप्टेंबर

तो पाइप आणायला मुतारे शहरात गेला. शुवायला म्हटलं, बसने जाऊ तपासणीला. नको म्हणाली, गाडी होऊ दे. दिवसभर झोपून आहे. ऊनही मरणाचं आहे.

६ सप्टेंबर

पाइप मिळाला. नवा नाही, पण धड आहे.

७ सप्टेंबर

आज जे झालं ते कुणाला सांगायची सोय नाही. वहीला सांगते.

पाइप बसतो इंजिन आणि त्यामागच्या पत्र्याच्या मधे. तिथे उंदीर जाईल, माणसाचा हात नाही. जुना पाइप त्याने पात्याने चिरून खालून ओढून काढला, बोटांची सालं निघाली. नवा माझ्या मक्याचा साड्झा शिजवायच्या भांड्यात, गरम पाण्यात टाकून मऊ केला. त्यावर तेतेचं वेगळं भाषण झालं. खालून झोपून तो पाइप वर सरकवू शकत होता, पण वरून कुणीतरी धरून तोटीवर चढवायला हवा, क्लिप आवळायला हवी. त्याचा पंजा म्हणजे फावडं. तेतेची बोटं संधिवाताने वळत नाहीत. शुवायला पोटामुळे वाकता येत नाही.

राहिले मी. माझे हात काडीसारखे, आई नेहमी म्हणायची, ह्या हातांनी नांगर काय धरणार!

तेते म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नकोस, वहिनी. खाली जावई आहे." म्हटलं, खाली पाइप आहे. स्टुलावर चढले, खांद्यापर्यंत हात घातला. काही दिसत नव्हतं. चाचपडत पाइपाचं टोक सापडलं, आणि पाइपाबरोबर त्याची बोटं. गरम, तेलकट. शुवायचं लग्न होऊन तीन वर्षं झाली, मी ह्या माणसाला हात लावलेला नाही. त्याने चटका बसल्यासारखी बोटं मागे घेतली, पाइप सटकून खाली पडला.

पुन्हा. पुन्हा तेच.

मग कारभार तेतेमार्फत सुरू झाला. गाडीखालून आवाज, "तेते, अंबुयांना सांगा, थोडं डावीकडे." तेते: "उजवीकडे, वहिनी." का, ते तिचं तिला ठाऊक. मी उजवीकडे. "तेते, सांगा, डावीकडे!" तेते: "तो म्हणतोय, अजून जरा." पाइप पुन्हा तोटीवरून निसटतोय — तेवढ्यात खालून ओरडा आला,

"अंबुया, डावीकडे! माझी बोटं धरा आणि दाबा!"

मी त्याची बोटं धरली आणि दाबलं. दोघांनी मिळून. पाइप तोटीवर असा चढला की मला आतल्या आत कळलं. मग पाना घेऊन क्लिप आवळली, तो खालून सांगत होता — "अजून अर्धा, अंबुया, बस, आता नको" — आणि मी थेट उत्तर देत होते.

बाहेर आला तो काळा-कुळकुळीत, मान खाली, माफी मागायला टाळ्या वाजवू लागला. मी घरात निघून गेले. हसू दाबायला जागा हवी होती.

८ सप्टेंबर

पाणी भरून, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून हवेचे बुडबुडे जाऊ दिले. मग घाट चढून वरपर्यंत गेलो. तो चालवत होता, मी मागे बसले होते, तेते मधली भिंत म्हणून त्याच्या शेजारी. उष्णतेचा काटा जागचा हलला नाही. वर थांबून खाली वाकून पाहिलं — कोरडं ठणठणीत! किती दिवसांनी छातीवरचा दगड उतरला. आता कळा कधीही येवोत.

परतताना तेतेने दंड सांगितला. सासूवर ओरडला, सासूचा हात धरला, म्हणून जावयाकडून एक कोंबडी. त्याने मुकाट्याने आणून दिली. संध्याकाळी रस्सा केला, सर्वांत मोठी तंगडी त्याच्या ताटात पाठवली. तेतेमार्फत.

९ सप्टेंबर

छान झोप लागली. गाडी दारात, तोंड रस्त्याकडे करून.

१० सप्टेंबर

इस्पितळाच्या ओट्यावर लिहिते आहे.

सकाळी चुलीपाशी होते. दारात सावली पडली. तावेंग्वा — एकटा, तेते नाही. बसला नाही, टाळ्या नाहीत. सरळ माझ्याकडे बघून बोलला, "अंबुया, शुवायने मला शपथ घातलीय, पण सांगतो. तिचे पाय सुजलेत, ती लपवते. डोकं फुटतंय. कालपासून डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणते. गाडी काढू?"

मी म्हटलं, "काढा."

डॉक्टरणीने रक्तदाब पाहिला आणि धावतच सुटली. पोट फाडून बाळ काढलं. बाहेर आल्यावर म्हणाली, संध्याकाळ झाली असती तर दोघींपैकी एकही हाती लागली नसती.

मुलगी आहे. दोघी जिवंत आहेत.

आठवड्यापूर्वी त्याने हे मला नाही, तेतेला सांगितलं असतं.