डाव्या अंगाचा हात

वस्ताद, तुम्ही गेलात त्याला चाळीस पावसाळे झाले आणि मला आत्ता लिहायचं सुचतंय. उरलेल्या एका डोळ्यात आता मोतीबिंदू आलाय, म्हणून अक्षरं मोठी काढतोय. डावा डोळा सोलापुरातल्या गिरणीत गेला. मागावरून धोटा उडाला तो थेट डोळ्यात बसला. कुस्ती संपली म्हणून मी घरात तोंड लपवून पडलो होतो. तुम्ही तालमीतून तसेच मातीच्या अंगानं आलात आणि धीर देणं सोडाच, मलाच फैलावर घेतलंत. "डोळा गेला म्हून काय झालं? कातडं हाय की! कातड्यानं बघ."

तेव्हापासून तुम्ही माझ्या डाव्या अंगाला चालायला लागलात. रस्त्यात, विहिरीवर, तुमच्या घरी भाकरी खाताना, मध्येच माझा दंड धरायचात. निसटलो तर हसायचात, सापडलो तर शंभर जोर. काकू वैतागायच्या, "अवो, जेवू द्या की त्याला!" वर्षभरात असं झालं की तुमची बोटं लागताच माझं अंग आपोआप वळायचं. मंगळवेढ्याच्या फडात मी दोन डोळ्यांच्या पैलवानाला चितपट केलं तेव्हा तुम्ही चारचौघांत रडलात.

त्याचं बक्षीस म्हणून आपण निजामाच्या हद्दीत, नळदुर्गला गेलो. "त्या डोळ्याला कायतरी बघन्याजोगं दावतो, चल." नदी भरून वाहत होती. किल्ल्याच्या बंधाऱ्यावरून नर आणि मादी नावाचे दोन्ही धबधबे शेजारी शेजारी कोसळत होते. बंधाऱ्याच्या पोटातल्या महालात आपण उतरलो, समोरून नुसतं पाणी पडतंय. माझा डोळा हलत नाही. ओल्या कडेवर तुम्ही नेहमीसारखे माझ्या डावीकडे. त्या आवाजात काहीच ऐकू येत नव्हतं. दंडाला तुमची बोटं लागली. माझं अंग वळलं, मी निसटलो आणि हसत मागं बघून ओरडलो, "न्हाय सापडलो, वस्ताद!"

कडेवर कोणी नव्हतं. शेवाळावर तुमच्या घसरलेल्या पायाची रेघ तेवढी होती.

काकूंना मी सांगितलं, ती माझी आंधळी बाजू, मला कळलंच नाही. "तुजा काय दोस, लेकरा," म्हणत त्यांनी माझ्याच पाठीवरून हात फिरवला. त्या होत्या तोवर दर सणाला मला जेवायला बोलवायच्या आणि मी निर्लज्जासारखा जायचो. आता त्याही नाहीत. हे पत्र घडी घालून पेटीत माझ्या जुन्या लंगोटाखाली ठेवतोय.

मला कळलं होतं, वस्ताद. तुमचा हात सुटला तेव्हा मला आनंद झाला होता.