वच्छलाबाईंच्या गच्चीवरची खिचडी

औरंगपुरा,
७ एप्रिल २०२६

तीर्थरूप आईस,
संध्याचा साष्टांग नमस्कार. वि. वि. फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि मग मी ओरडते, म्हणून रोज करमाडहून इकडे कामाला येणाऱ्या कडुबाच्या हाती ही चिठ्ठी देतेय.

दादा लई घाबरलाय गं. तू दोनदा गॅस चालू ठेवून झोपलीस, म्हणून त्यानं टाकी उचलून नेली. चुलीच्या धुरानं तुला दम लागतो. आता म्हणतो, रविवारी गाडी आणतो, करमाडचं घर बंद करतो आणि आईला कायमची घेऊन येतो. घर सोडलंस तर तू झुरून जाशील, हे मला ठाऊक आहे. मी त्याला विचारलं, आई आगीशिवाय रांधायला लागली तर? तो हसला, पण रविवारी बघू म्हणाला.

तेव्हा नीट वाच. मोठ्या खोक्यात छोटं खोकं ठेव, मधल्या फटीत रद्दी चुरगाळून कोंब. आतून पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद कणकेच्या खळीनं चिकटव. चुलीवरचं काळं पातेलं घे, झाकणही काळंच. त्यात तांदूळ, मुगाची डाळ, पाणी. खोक्यावर जुन्या तसबिरीची काच. दहाला गच्चीवर उन्हात ठेव आणि दोनपर्यंत उघडून बघू नकोस. तुला दम निघत नाही, म्हणून सांगते!

तुझी लाडकी,
संध्या


करमाड,
९ एप्रिल

चि. सौ. संध्यास,
आईचे पोटभर आशीर्वाद.

खोकं केलं. कागद, काच, समदं तू सांगितलं तसं. दोनला उघडलं तर तांदूळ टणक तो टणकच! मला रडूच आलं बघ. तुझ्या इंद्रजीतदादाचं खरं असंल. एका जिवापुरतं रांधणंबी मला आता जमत नाय. पातेल्याची मात्र काही खोट नव्हती. गच्चीवर चार जणी बघणार, म्हणून राखेनं अर्धा तास घासून लख्ख केलं व्हतं.

दोन पिशव्यांत लुगडी भरून ठेवलीत. तू जीवाला लावून घेऊ नको.

तुझी आई


औरंगपुरा,
१० एप्रिल

तीर्थरूप आईस,
सा. न.

अगं माझी आई, हसू की रडू? काळं पातेलं म्हटलं होतं ना मी! काळं भांडं ऊन पिऊन घेतं, लख्ख भांडं परत फेकतं. शेजारची सरूबाई भांड्यांची बुडं घासत नाही म्हणून तू तिला नावं ठेवतेस ना, आता तिच्याकडूनच पातेलं माग. अजिबात लाजू नकोस. आणि लुगडी परत कपाटात ठेव.

तुझी संध्या


करमाड,
१२ एप्रिल, रविवार

चि. सौ. संध्यास,
आईचे आशीर्वाद, आज जरा जास्तच.

सरूबाई पोट धरून हसली, पण पातेलं दिलं. काल खिचडी शिजली गं! शीत बोटानं दाबलं तर मऊ.

आज इंद्रजीत आला. त्याला खिचडीचं ताट वाढलं. जेवला, पुन्हा मागून घेतली. मग गच्चीवर जाऊन खोकं बघून आला आणि म्हणाला, तू हे विसरलीस तर? मी म्हटलं, दिवस मावळला की हे आपलं आपण गार होतं, बाबा. तर पायरीवर बसून पोरगा रडायला लागला. फोन वाजला की त्याला वाटतं म्हणे, आईचंच काही वाईट असंल. मला वाटायचं नुसता हट्ट करतोय. एवढी भीती घेऊन एकटाच हिंडत व्हता. लई वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसले.

खोक्यात भाकर भाजत नाय, ती सरूबाई देईल, तिला मी वरण-भात देईन. पावसाळ्यात ऊन नसलं की इंद्रजीतकडं राहीन, हे मी आपणहून कबूल केलं.

गाडी रिकामीच गेली. निघताना त्यानं विचारलं, पुढच्या रविवारी जेवायला आलो तर चालंल का. आजवर तो सांगून यायचा, संध्या. आज त्यानं विचारलं.

जावईबापूंना आशीर्वाद सांग. माया करतेस तशीच करत राहा.

तुझी आई,
वच्छला