काल येणारी पुस्तकं

१२ जून १९९५
एकदाची नोकरी लागली. धुळ्याहून आलेली मी, नवागामच्या एका खोलीत संसार, आणि आजपासून विद्यापीठाच्या ग्रंथालयात स्वतःचं टेबल. काम सोपं आहे. दुसऱ्या विद्यापीठांकडून मागवलेलं पुस्तक, मागितल्यापासून हातात पडेपर्यंत किती दिवस घेतं ते मोजायचं. शिपाई हिलालभाऊ आपल्या खानदेशातलेच, पण हयात सुरतेत गेली. गुजरातीत 'काले' म्हणजे गेलेला दिवसही आणि येणाराही. तीच खोड त्यांच्या मराठीला लागली आहे. पुण्याचं पार्सल काल येईल म्हणाले. मी पोट धरून हसले.

आमचे हे इच्छापोरच्या कारखान्यात कंत्राटावर आहेत. आज त्यांच्या डब्यात शिरा दिला. डबा आईने लग्नात दिलेला, झाकणावर 'वाल्मिक' असं ह्यांचं नाव घातलेलं.

२० जून
अंग मोडून आलंय. पहाटे स्वयंपाक, दोन बस, दिवसभर तारखा, परत स्वयंपाक. शेजारच्या यंत्रमागांची खडखड झोपेतही थांबत नाही. एक बरं, शेजारच्या लीलाताई फार मायेच्या आहेत. खोलीची किल्ली त्यांच्याकडे असते आणि माझी राहिलेली कामं त्या न सांगता उरकून टाकतात. नाहीतर माझं काही खरं नव्हतं.

२७ जून
बडोद्याच्या पुस्तकासाठी मागणीपत्र आज सकाळी लिहिलं. पुस्तक कपाटात होतं, त्यावर आल्याचा शिक्का कालचा. दिवस मोजायला गेले तर उत्तर शून्याच्याही खाली. ग्रंथपालबाई म्हणाल्या, कामात लक्ष दे. मलाही पटलं. इतकी दमलेली बाई काय वाटेल ते लिहील.

४ जुलै
आज मुद्दाम पाहिलं. एक पुस्तक नुसतं मनात धरलं, कुणाला बोलले नाही. दुपारी मागणी लिहायला घेतली, तर हिलालभाऊंनी तेच आणून टेबलावर ठेवलं. काल आलं, म्हणाले. ह्या वेळी त्यांचं मराठी अगदी बरोबर होतं.

मला भीती वाटते आहे. आणि घाबरायलासुद्धा अंगात जीव नाही.

६ जुलै
माझ्या नावाचं पार्सल. कापडात शिवलेलं, वर लाख. पाठवणाऱ्याच्या जागी नुसतं 'इच्छापोर'. आत पुस्तक नाही.

ह्यांचा डबा. जळून काळा, चेपलेला. आईने घातलेलं नाव तेवढं वाचता येतं.

घरी आले, दारात बसून राहिले. हे आले. हातात डबा, लख्ख.

इथे वस्तू आधी येते आणि मी नंतर मागते. हा डबा मी कुणाकडे मागणार आहे?

७ जुलै
जाऊ नका म्हटलं. हसले. एक खाडा झाला की कंत्राटदार दुसरा माणूस घेतो म्हणाले.

ह्यांचा चांगला डबा पिठाच्या डब्यात खोल लपवला. तो तिथे पोचलाच नाही तर— उपाशी गेले बिचारे.

संध्याकाळी धडधाकट परत आले. मी रडले. उद्याही लपलेलाच ठेवणार. आणि कुणाकडे काही मागणार नाही. काहीच नाही.

८ जुलै
निघताना लीलाताई भेटल्या. पहाटे मी नळावर होते तेव्हा पीठ काढायला गेल्या, डबा सापडला. भरून ह्यांच्या हातात दिला म्हणाल्या. उपाशी कशाला धाडायचं माणसाला.

हे निघून गेले होते. बस दिसलीसुद्धा नाही—

दुपार
इच्छापोरहून कंत्राटदाराच्या माणसाचा फोन आला. ह्यांनी तिथे ग्रंथालयाचाच नंबर दिलेला. शेडला आग. माणसं ओळखू येत नाहीत— काही खूण सांगा म्हणाला—

मी म्हटलं, डबा. झाकणावर नाव आहे. दुसरं काही नको, तो डबा तेवढा पाठवा.

काले पाठवू, म्हणाला.

काले.

मागितला. मीच माग— माझ्याच तोंडू—