पिशवी काढलेली हाय, साहेब

माय, तुझं आपलं एकच पालुपद, पिशवीच राहिली न्हाई तर कॅन्सर येईल कुठून. मी किती डोकं फोडलं तुझ्यापाशी, पण तू मान हलवायचीस आणि पुढची भाकरी थापायला घ्यायचीस. तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी हे भांडण माझ्या डोक्यात चालूच असतं, आणि दर वेळी तूच जिंकतीस. आता तर तुझी लेक, अक्कासुद्धा तुझ्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिच्या दवाखान्यातही तेच सांगितलं, गर्भाच्या पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. आई कॅन्सरनं गेली म्हणल्यावर त्या डॉक्टरला जास्त बोलायची गरजच पडली नसेल. अक्काला अजून तिशी लागली नाही, माय. दोन लेकरं झालीत, कंबर दुखते, अंगावरून पांढरं जातं, आणि नवऱ्याबरोबर ऊसतोडीला, कोयत्यावर जायचंय. तुझंही एवढंच दुखणं होतं.

तू काढून आलीस ते मला आठवतं. दिवाळी तोंडावर आलेली, टोळी कारखान्याकडं निघायच्या घाईत. मुकादमाच्या जीपमध्ये तुम्ही दोघी-तिघी बाया बसलात, बाजाराला निघाल्यासारख्या. एकीनं तर पातळ पण नवं नेसलं होतं. फडात ऊस तोडताना बाईची पाळी आली आणि ती दिवसभर कोपीत पडून राहिली, की खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे मुकादम कापून घेतो. म्हणून आपल्या भागात लेकरं झाली की पिशवी काढून टाकायची, हे हंगामाआधी कोयत्याला धार लावण्याइतकं साधं झालं होतं. तुला डॉक्टरनं टीव्हीसारख्या मशीनवर काहीतरी काळंपांढरं दाखवलं आणि हे कॅन्सरचं घर आहे म्हणाला. तू घरच काढून टाकलंस. परत येताना बीडच्या स्टँडवरून माझ्यासाठी लाल काड्यांचा गॉगल आणलास. पोटाला टाके होते, वाकता येत नव्हतं, तरी मला समोर उभं करून तूच तो डोळ्यांवर चढवलास. तुझ्या अंगाला दवाखान्याचा वास येत होता म्हणून मी मागं सरकलो, तर म्हणालीस, "कावून तोंड फिरवतो? माय मरंल तवा रडशील." आणि मग हसलीस. तेव्हा तू खरंच सुटल्यासारखी दिसत होतीस, हे मला मान्य करावंच लागतं.

मग तो दुष्काळ पडला. ऊस वाळून गेला, कारखाने लवकर बंद झाले, टोळ्या हंगाम अर्धा टाकून गावाला परतल्या. सोसायटीवाल्यांनी माळावर जनावरांची छावणी काढली आणि आपले दोन्ही बैल घेऊन तू तिथं जाऊन राहिलीस, कारण आबाला, माझ्या बापाला, दावणीजवळ बसवत नव्हतं. हिरव्या जाळीखाली बैल बांधलेले, त्यांच्या मधल्या जागेत तुझी चूल, तुझं अंथरूण, आणि पलीकडं पाटोद्याकडची एक मावशी तिच्या म्हशी घेऊन. टँकर आला की तुम्ही दोघी मिळून पाणी भरायच्या. मी घरून पीठ घेऊन आलो होतो. तू मला पाहिलं नाहीस. पदराआडून तू मावशीचा हात धरून छातीवर ठेवला होतास. ती म्हणाली, गाठ लागतीय, सुपारीएवढी, दाखीव बाई कुणाला तरी. तू म्हणालीस, "मला कसलं भ्या? माझी पिशवी कवाच काढलीय. तूच जप बाई, तुझी हाय अजून." आणि दोघी लई हसलात. मावशीला तर ते पटलंसुद्धा, ती स्वतःच्या पोटाकडं बघायला लागली.

आपल्याकडं कुणाला दुसरं माहीतच नव्हतं. कॅन्सर म्हणजे पिशवीचा, एवढंच त्या डॉक्टरांनी गावोगाव शिकवून ठेवलेलं. छातीचा असतो, तोंडाचा असतो, रक्ताचा असतो, हे सांगून त्यांना काय मिळणार होतं? मला तरी कुठं कळत होतं. नुसती भीती वाटली म्हणून मी म्हणालो, चल बीडला, एकदा दाखवू. तू पीठ हातात घेतलंस आणि म्हणालीस, बैलांपाशी कोण बसंल, तू? तुला घटकाभर एका जागी बसवतं का कधी? ते खरंच होतं, म्हणून मी तसाच घरी परतलो. पुढं जेव्हा आलो तेव्हा भांडलो, आणि तू तुझं ते वाक्य ठेवून दिलंस. हळद-चुन्याचा लेप लावलास. गाठ दुखत नाही म्हणून खूश होतीस. दुखायला लागली तेव्हा पाऊस होऊन गेला होता, छावणी उठली होती, आणि गाठ फुटली होती.

बीडच्या डॉक्टरनं पदर बाजूला करायला लावला आणि तोंडाला रुमाल धरला. आबा खाली बघत होता. डॉक्टर म्हणाले, अहो बाई, इतके दिवस दाखवलं का नाही? तू अगदी समजावून सांगितल्यासारखं बोललीस, "पिशवी काढलेली हाय, साहेब." त्यांनी पेन खाली ठेवलं. काहीतरी बोलतील म्हणून मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. ते उठले, पंखा मोठा केला आणि हात धुवायला गेले. माय, तिथं त्यांनी तुला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. तू जायच्या आदल्या दिवसापर्यंत विचारत होतीस, मग ही गाठ कसली म्हणायची?

त्यानंतर मी गावात टिकलो नाही. पुणं झालं, सुरत झाली, आता इकडं होसूरला गाडीचे पार्ट ओतायच्या कंपनीत आहे. तमिळ येत नाही, हिंदी अर्धीच. मागच्या महिन्यात कंपनीनं बोर्ड लावला की कॅन्सरच्या मदतीसाठी पळायचं, ज्यानं त्यानं जमेल तेवढा फंड द्यायचा, कंपनी त्यात आपली भर घालणार, आणि त्या पैशातून बायकांची तपासणी करणारी गाडी गावोगाव फिरणार. आमच्या खोलीतला बिहारी पोरगा म्हणाला, तू पळून कुणाचा कॅन्सर पळणार आहे का, टी-शर्ट फुकट मिळतो एवढंच. ऑफिसातली मॅडम एकेकाला माईक देऊन विचारत होती, तुम्ही का भाग घेतला. माझ्याजवळ आली तर मी दोन हजार फंड बोललो, आणि कशासाठी विचारल्यावर मी पण टी-शर्टच म्हणालो. सगळे हसले, ती पण हसली. काय सांगायचं होतं तिला? बोर्डावर खाली लिहिलं होतं की पळून झाल्यावर कॅन्सरची डॉक्टरीण मैदानात बसेल, कुणीही काहीही विचारावं. मला फक्त तिला गाठायचं होतं. अक्का दिवाळीआधी पिशवी काढणार म्हणत होती. माझं ऐकत नव्हती, म्हणायची, तू सातवी नापास, तू डॉक्टरला शिकवणार का? म्हणलं, तिला खऱ्या डॉक्टरच्या तोंडून ऐकवतो.

पळालो तेव्हा जोरात पळालो, मागं कुणी लागल्यासारखा. टेबलापुढं पहिला मीच होतो. मोडक्या हिंदीत विचारलं, पिशवी काढली तर कॅन्सर होत नाही का? ती डॉक्टरीण तुझ्या वयाची असेल. हसली नाही. बहिणीला काय त्रास आहे, वय काय, सगळं विचारलं. म्हणाली, हे गोळ्यांनी बरं होणारं दुखणं आहे, त्यासाठी पिशवी काढायची नाही, एवढ्या कमी वयात काढली तर हाडं झिजतात, लवकर म्हातारपण येतं. मग घरात कुणाला कॅन्सर झाला होता का विचारलं. मी तुझं सांगितलं. म्हणाली, मग बहिणीची छाती तपासायला हवी, ते आधी. मी विचारलं, ही तुमची गाडी बीडकडं येईल का, कोपीवर येईल का? ती म्हणाली, हा फंड इथल्या जिल्ह्यापुरता आहे. तिलाही ते सांगताना बरं वाटलं नसावं.

तिच्यासमोरच अक्काला फोन लावला. म्हणलं, डॉक्टरीण बाईशी बोल. अक्काचा आवाज बारीक येत होता. म्हणाली, "परवाच झालं रे. टाके हायेत अजून. तुला कळवलं न्हाई, तू भांडला असतास." डॉक्टरीण बघत होती, मी तिला नुसती मान हलवून दाखवली. मग म्हणलं, अक्का, छाती तरी दाखव, मायला तिथं झाला होता. तर ती कंटाळून म्हणाली, आता दाखवायचं काय राहिलंय? तेवढ्यात दाजीनं फोन घेतला. तुमी कशाला घोर करता, म्हणाला, एकदाची मोकळी झाली, टोळी पंधरा दिवसांनी निघतीय, बसल्या बसल्या मोळ्या बांधंल. माय, तुझी लेक टाके घेऊन फडात जाणार, आणि तिला आता कसलीच भीती नाही. तुला पण नव्हती. मला तुम्हा दोघींच्या त्या बिनघोरपणाचीच भीती वाटते. तिच्या छातीला हात लावून सांगणारी एखादी मावशी तिला भेटली, तरी ही तिला तुझंच उत्तर देणार. मी इथून ओरडत राहणार, आणि पुढल्या वर्षी कुठल्या गावाहून, ते मलाही माहीत नाही.

हे पत्र टाकायचं कुठं, म्हणून घडी करून बॅगेत ठेवतोय. फंडासाठी मी दोन हजार बोललो होतो, माईकवर, सगळ्यांसमोर. त्यातले दीड हजार अक्काला पाठवले, हंगामाला जाऊ नको म्हणून. ती जाणार हे माहीत असून पाठवले. आज पगार झाला तरी ते दीड हजार फंडात भरून काढायचं मन होत नाही, खरं सांगतो. इथल्या बायकांच्या गाडीला माझे पाचशे जातायत.