देवीला पाठवलेली साडी

दादा,

‘प्रिय’ लिहिलं होतं, खोडलं. हे पत्र पाठवणार नाही, कारण तू आईलाच फोन करून बोल लावशील.

उत्सवात देवीला वाहायला तू साडी पाठवलीस. पार्सल आईनं उघडलं आणि “लेकानं पाठवली!” म्हणत लगेच नेसली. तुला दाखवायला मी व्हिडिओ कॉल लावला.

तू बघताच म्हणालास, “आई, ती देवीची आहे. काढ आधी! आता निदान धुऊन तरी वाहा.”

आई इतकी ओशाळली, की फोनसमोरच पदर सोडायला लागली. तुझ्या मागून वहिनी हसली. मला तुम्हा दोघांची किळस आली.

घडी आईनंच घातली. “जा, वाहून ये. त्याचा नवस असेल.”

गेले. पुजाऱ्यानं विचारलं, “कोणाच्या नावानं?” तुझं नाव तोंडाशी आलं, ते गिळलं. देवीला नुसते हात जोडले आणि साडी घेऊन परत आले.

आईला ती पुन्हा नेसवायला लागले, तर दचकली. “अगं, दादा रागावेल.”

“रागावू दे.”

मग आई ताठ उभी राहत म्हणाली, “निऱ्या तरी नीट काढ.”

नाइलाजानं तुझीच,
धाकटी